सेवा की परिचर्या? : एका विद्येच्या नावासंबंधी विचार

एखाद्या विद्येस समाज कोणत्या नावाने संबोधितो, यावरून त्या विद्येकडे पाहण्याची त्याची दृष्टी कळून येते. आजारी, वृद्ध आणि अपंग माणसांची देखभाल शास्त्रशुद्ध रीतीने करणे ही एक विद्या आहे. इंग्लंडमध्ये २००१ पासून सुरू झालेल्या दोन वर्षांच्या पायाभूत पदव्यांत 'आरोग्य व सामाजिक देखभाल' हा एक विषय असतो आणि काम करीत असताना शिकणे हे त्या शिक्षणाचे सूत्र असते. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासातून दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाट मोकळी केली आहे. तेव्हा असा अभ्यासक्रम मराठीत आणावयाचा झाल्यास त्यास कोणते नाव द्यावे, हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही.

मराठीत या कार्यासाठी रूढ झालेला शब्द 'सेवा' हा होय. त्याची प्रतिष्ठा मुख्यतः विसाव्या शतकाच्या आरंभी वाढली. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले. पुढे त्याची शाखा सोलापुरातही निघाली. सेवासदनाच्या ज्या विद्यार्थिनींनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले, त्यांत विधवा स्त्रियाही होत्या. परक्या रोग्यास स्पर्श करणे हे ज्या काळी कुलीन स्त्रीस अशोभनीय मानले जाई, त्या काळी 'सेवा' या शब्दाने त्या कामास धर्माचे कवच मिळवून दिले. हे त्या शब्दाचे ऐतिहासिक ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु कवच संरक्षण करते, तसेच ते आतील वस्तू झाकूनही टाकते. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' (१९१०) या ग्रंथाचा शेवट न्यायमूर्तींच्या अखेरच्या आजारपणाच्या कथनाने होतो. आजाऱ्याची बारीकसारीक अवस्था टिपणारी लेखिकेची दृष्टी त्यात पदोपदी जाणवते. तथापि ती दृष्टी पत्नीधर्माचा भाग म्हणूनच तेथे येते, कौशल्य म्हणून तिचा स्वतंत्र विचार होत नाही. मराठी वाङ्मयाने पुढेही हीच रीत चालविली. डॉक्टर होण्यासाठी आनंदीबाई जोशी यांनी केलेल्या अभ्यासावर श्री. ज. जोशी यांनी 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी लिहिली आणि ती वाचकप्रिय झाली. परिचारिकेच्या अभ्यासाभोवती उभी राहिलेली, तितकीच लोकांच्या तोंडी असलेली मराठी कादंबरी मात्र आढळत नाही.

खुद्द सोलापूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली या नगरात झाला. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व १९४२ च्या डिसेंबरात तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढून ती कथा अमर केली. कोटणीसांच्या पत्नी ग्वो चिंगलान या परिचारिका होत्या व परिचर्येचे अध्यापनही करीत. परंतु सोलापूरच्या स्मरणात त्या प्रामुख्याने एका डॉक्टरची पत्नी म्हणूनच राहिल्या. वैद्याच्या विद्येस चरित्र लाभते, परिचारिकेच्या विद्येस मात्र गुणवर्णनावरच समाधान मानावे लागते.

या उपेक्षेचे परिणाम वाङ्मयापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीतील स्त्रीस 'सेविका' हे नाव मिळाले आणि तिच्या मोबदल्यास 'मानधन'. २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्तीची गणनाही स्वयंसेविकांतच झाली. जी सेवा करते तिला वेतन कशाला आणि जी स्वभावतःच प्रेमळ आहे तिला दीर्घ शिक्षण कशाला, असा अव्यक्त तर्क या शब्दयोजनेच्या मुळाशी आहे. अंगणवाडी सेविका उपदानास पात्र आहेत आणि त्यांचे मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. एका शब्दाचा अर्थ लावून घेण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

'देखभाल हा स्वभावाचा गुण आहे, तो शिकविता येत नाही', असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यास आपल्याच परंपरेत उत्तर आहे. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे जे चार गुण तेथे दिले आहेत, त्यांत पहिला गुण उपचारज्ञता हा असून दुसरा दक्षता हा आहे. अनुराग तिसरा येतो आणि शुचिता चौथी. ममतेस तेथे स्थान आहे, परंतु ज्ञानाच्या आधी नाही. 'सेवा' या शब्दाने हा क्रम उलटा केला, हाच त्यावरील मुख्य आक्षेप होय.

'शुश्रूषा' हा दुसरा रूढ शब्द मूळ अर्थाने अतिशय मार्मिक आहे, कारण ऐकण्याची इच्छा हा त्याचा धात्वर्थ. रोग्याचे म्हणणे ऐकून घेणे ही या विद्येची पहिली पायरी असल्याने हा शब्द मोह पाडतो. परंतु स्मृतिग्रंथांनी शूद्राचे कर्तव्य सांगताना हाच शब्द वापरला आहे. तो इतिहास पुसून त्याचा स्वीकार करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आजच्या वापरात 'परिचर्या' हा शब्द अधिक सरळ आहे. शासकीय व्यवहारात 'परिचारिका' हे पदनाम रूढ असल्याने तो परकाही वाटणार नाही.

या विद्येची निकड कोठे आहे, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. सोलापूरच्या दक्षिणेस विजापूर रस्त्याच्या अंगाने वाढलेल्या जुळे सोलापुरात मुले नोकरीनिमित्त पुण्यास गेलेली आणि घरी वृद्ध आईवडील उरलेले, असे चित्र दुर्मिळ नाही. अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस कोणत्या अंतराने पालटावी, हा त्या घरातील आरोग्याचा प्रश्न आहे. त्याचे निवृत्तिवेतन बँकेतून कोणी आणावे आणि त्याच्या एकटेपणास कोणी सोबत द्यावी, हा सामाजिक प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न एकाच खाटेपाशी उभे असतात. वसाहतीच्या नावातील 'जुळे' हा शब्द या विद्येच्या दोन अंगांनाही लागू पडावा असा आहे.

तेव्हा 'आरोग्य व सामाजिक परिचर्या' असे नाव असलेल्या अभ्यासक्रमात कूस पालटण्याचे शास्त्र, औषधांची नोंद आणि ऐकण्याची शिस्त ही तिन्ही परीक्षेचे विषय असावीत. घरोघरी हे काम आजच करणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवास त्यात गुण मिळावेत. मायाळूपणाबद्दल त्यांची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. त्यांना येणारी गोष्ट ही विद्या आहे, एवढे मान्य करणे अद्याप शिल्लक आहे.