‘आवडले’ या शब्दाच्या पुढे

पुस्तकांविषयी मराठीत आज जेवढे लिहिले जात आहे, तेवढे पूर्वी क्वचितच लिहिले गेले असेल. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून ग्रंथपरीक्षणांची जागा आक्रसत गेली, अनेक वाङ्मयीन नियतकालिके बंद पडली किंवा रोडावली. परंतु त्याच काळात फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम या समाजमाध्यमांवर केवळ पुस्तकांसाठी वाहिलेली पाने आणि वाचकांचे गट उभे राहिले. त्यांवर लिहिणारी मंडळी समीक्षक नाहीत, प्राध्यापकही बहुधा नाहीत. कोणी बँकेत काम करणारे, कोणी गृहिणी, कोणी संगणक क्षेत्रातील तरुण, तर कोणी आमच्यासारखे सेवानिवृत्त. वाचलेले पुस्तक आवडले, ते दुसऱ्याला सांगावे, ही त्यांची साधी आणि सात्त्विक प्रेरणा असते. या नव्या लेखनप्रकाराकडे विद्वानांनी अद्याप फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. वास्तविक पाहता त्याचे मूल्यमापन होणे अगत्याचे आहे. आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर चार-सहा पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तर ते अधिकच अगत्याचे आहे.

प्रथम या प्रकाराचे श्रेय त्याला देऊन टाकले पाहिजे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी वाचकाला नवे पुस्तक निघाल्याची वार्ता पूर्वी महिनोन् महिने उशिराने लागत असे. मराठी पुस्तकांचे चांगले दुकान गावात असेलच अशी खात्री नव्हती. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीवर आपली भिस्त असे. आज बेळगावच्या वाचकाने दुर्मीळ कादंबरीची चौकशी करावी आणि नागपूरच्या अपरिचित वाचकाने ती कोठे मिळेल हे तासाभरात कळवावे, हे सहज घडते. घराबाहेर पडणे ज्यांना जमत नाही अशा वृद्धांना आणि घरकामात अडकलेल्या स्त्रियांना या पानांनी बोलण्यासाठी माणसे मिळवून दिली. ही गोष्ट लहान नाही.

तथापि प्रश्न असा आहे की, या पानांवर नेमके काय वाटले जाते? शंभर टिपणे सलग वाचली तर त्यांचा एक ठरीव साचा ध्यानी येतो. मुखपृष्ठाचे छायाचित्र, शेजारी चहाचा कप. मग मलपृष्ठावरील मजकुराच्या आधारे सांगितलेले कथानक. आणि अखेरीस ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे असे’ ही विशेषणे. पुस्तकेही बव्हंशी तीच ती. ‘मृत्युंजय’, ‘पार्टनर’, ‘कोसला’, ‘श्यामची आई’ यांची आवर्तने सुरू असतात. ही पुस्तके थोर नाहीत असे कोण म्हणेल? परंतु ती का थोर आहेत, हे त्या टिपणांतून कळत नाही. ‘कोसला’ वाचून भारावलेला वाचक आणि ‘पार्टनर’ वाचून भारावलेला वाचक एकाच शब्दांत भारावतो, तेव्हा ते शब्द पुस्तकाविषयी काही सांगत नसून केवळ भारावण्याविषयी सांगत असतात.

सरकारी सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नस्तीवर ‘योग्य वाटते’ एवढाच शेरा मारून ती पुढे सरकवली, तर वरिष्ठ ती परत पाठवतात. का योग्य वाटते, कोणत्या आधारावर, विरुद्ध बाजूने काही म्हणण्यासारखे आहे काय, हे लिहिल्याशिवाय शेऱ्याला किंमत नसते. पुस्तकाबद्दलच्या मताचेही तसेच आहे. ‘आवडले’ हा शेरा झाला. त्यामागचे कारण हीच खरी टिप्पणी होय.

यावर असे उत्तर दिले जाते की, ही सामान्य वाचकांची जागा आहे, तेथे समीक्षेची अपेक्षा करू नये. हे उत्तर वरवर उदार दिसते, परंतु त्यात सामान्य वाचकाचा अवमान दडलेला आहे. मराठीतील वाचनप्रेमाचा इतिहास या उत्तराला पुष्टी देत नाही. गोविंद तळवलकर हे वृत्तपत्राचे संपादक. त्यांनी ‘वाचता वाचता’ या आपल्या लेखनातून इंग्रजी ग्रंथांचा जो परिचय मराठी वाचकांना करून दिला, तो विद्यापीठीय समीक्षेच्या परिभाषेत नव्हता. तरीही ग्रंथ कशाबद्दल आहे, त्यातील कोणता मुद्दा नवा आहे, हे वाचकाला कळे. १९६४ साली सुरू झालेले ‘ललित’ मासिक तर मुळात ग्रंथप्रेमी वाचकांसाठीच निघाले. परंतु त्याच मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यविश्वातील ढोंगाची, स्तुतिपाठकांची आणि मोठ्या नावांची यथेच्छ टर उडवीत असत. ग्रंथांवरचे प्रेम आणि ग्रंथकारांची थट्टा एकाच अंकात सुखाने नांदत होती, आणि वाचकांना दोन्ही हवेसे वाटत होते. आजच्या पुस्तक-पानांवर ठणठणपाळाला जागा नाही. कोणी एखाद्या लोकप्रिय कादंबरीविषयी नापसंतीचे दोन शब्द लिहिले, की ‘तुम्ही स्वतः एखादी लिहून दाखवा’ असा प्रतिसाद येतो. जेथे ‘नाही आवडले’ म्हणण्याची सोय नाही, तेथे ‘आवडले’ या शब्दाचे वजनही हळूहळू नाहीसे होते.

दुसरे उदाहरण ‘ग्रंथाली’चे. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ‘वाचक चळवळ’ म्हणून उभी केली. वाचकांना सभासद करून घेणे, सवलतीत पुस्तके देणे, गावोगावी ग्रंथप्रदर्शने नेणे, असा तिचा खटाटोप होता. परंतु ती तेवढ्यावर थांबली नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले. ही पुस्तके मध्यमवर्गीय वाचकाला सुखावणारी नव्हती. त्याची झोप उडविणारी होती. वाचकांच्या चळवळीने वाचकाला न आवडू शकणारे पुस्तक त्याच्या हाती ठेवले. समाजमाध्यमाची यंत्रणा याच्या नेमकी उलट चालते: जे आपल्याला पूर्वी आवडले, त्यासारखेच ती पुन्हा समोर आणते.

या संदर्भात सतीश काळसेकर यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या पुस्तकाचा विचार विशेष उद्बोधक ठरेल. काळसेकर हे कवी, लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्ते, आणि पेशाने बँकेतील नोकरदार. २०२१ साली त्यांचे निधन झाले. नियतकालिकातील सदरातून सिद्ध झालेले हे पुस्तक २०१० साली लोकवाङ्मय गृहाने प्रसिद्ध केले आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कथा, कविता वा कादंबरी नव्हे, तर वाचनाच्या नोंदींच्या पुस्तकाला हा सन्मान मिळावा, ही घटनाच बोलकी आहे.

आजच्या पुस्तक-पानावरील टिपणाशी या नोंदींचे बाह्य साम्य पुष्कळ आहे. येथेही अनौपचारिक सूर आहे, स्वतःच्या आवडीनिवडी आहेत, मित्रांचे उल्लेख आहेत, पुस्तक कसे हाती आले याच्या हकिकती आहेत. मग फरक कोणता? मला तीन गोष्टी जाणवतात. पहिली, काळसेकरांचे पुस्तक एकटे येत नाही. एका पुस्तकाचा हात धरून दुसरे येते, त्याबरोबर एखादे बंद पडलेले नियतकालिक येते, दुसऱ्या भाषेतला कवी येतो, अनुवादक येतो, प्रकाशक आणि ग्रंथविक्रेताही येतो. पुस्तक ही अनेकांच्या श्रमाने उभी राहिलेली वस्तू आहे, याचे भान त्या लेखनाला आहे. दुसरी, त्यांना स्वतःच्या वाचनाइतकेच इतरांच्या वाचनाविषयी कुतूहल आहे. तिसरी, रोजनिशी असल्यामुळे तिला काळाचा पट आहे. मागचे आठवते आणि पुढच्याशी जोडले जाते. समाजमाध्यमावरील टिपणाला स्मृती नसते. आज शेकडो जणांनी वाखाणलेले टिपण तीन महिन्यांनी शोधू गेल्यास सापडत नाही. या रोजनिशीचीही एक मर्यादा आहे. काळसेकरांचा स्नेह इतका व्यापक आहे की, कित्येकदा तो मूल्यनिर्णयाच्या आड येतो; कठोर शब्द ते सहसा उच्चारीत नाहीत. परंतु निर्णय दिला नाही तरी तपशील दिल्यामुळे वाचकाला स्वतः निर्णय करता येतो. विशेषणांनी ती सोय होत नाही.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळतो. वाचन वाटण्याचा मोठा प्रयोग या बडोद्यातच झाला, हे आपल्या नव्या पिढीच्या कानी फारसे पडत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. १९१२ पासून ग्रंथालय चळवळीचे एक त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघू लागले. गावात ग्रंथालय काढण्याची पद्धत तर मोठी मार्मिक होती: गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम उभी केली, की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. वाचकाने स्वतः काही दिल्याशिवाय ग्रंथालय उभे राहत नसे.

या पेटीची आणि आजच्या पानाची तुलना केली म्हणजे मर्म स्पष्ट होते. पेटीने पुस्तक वाटले. पान पुस्तकाविषयीचे प्रेम वाटते. दोन्ही हवे आहेत, परंतु दुसरे हे पहिल्याची जागा घेऊ शकत नाही. मुखपृष्ठाच्या छायाचित्राला पसंती दर्शविणाऱ्यांपैकी किती जणांच्या हाती ते पुस्तक प्रत्यक्ष जाते? इकडे आपल्याच गावांतील जुन्या वाड्यांतून, आजोबांनी नावनिशीवार नोंद ठेवून जमवलेली पुस्तके घर आवरताना रद्दीत जात आहेत, आणि मराठी वाचनालयांच्या कपाटांची कुलुपे दिवसेंदिवस उघडली जात नाहीत.

येथे खरा पेच आहे. आपली नातवंडे मराठी बोलतात, समजतात. पण शाळेत गुजराती वा कन्नड, हिंदी आणि इंग्रजी शिकलेल्या या मुलांना मराठी पुस्तक सलग वाचणे जड जाते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या नजरेस पडणारे मराठी लेखन म्हणजे हातातल्या भ्रमणध्वनीवर येणारी अशी छोटी टिपणेच होत. मराठी वाचनाशी त्यांचा जो काही धागा उरला आहे, तो हाच असेल, तर त्याचा कस काय आहे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. त्या धाग्याला धरून मूल पुस्तकापर्यंत पोहोचेल की विशेषणांपाशीच थांबेल, यावर पुढच्या पिढीच्या घरात मराठी पुस्तक राहील की नाही, हे ठरणार आहे.

म्हणून या पानांकडे पाठ फिरवावी असे मी म्हणणार नाही. उलट आपण तेथे अधिक लिहावे. मात्र आपल्या जागेवरून लिहावे. इंदिरा संतांची कविता बेळगावकराला जशी दिसते, तांब्यांची कविता ग्वाल्हेरकराला जशी ऐकू येते, तशी ती पुण्याच्या वाचकाला ऐकू येईलच असे नाही. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर आणि यशवंत यांच्याविषयी बडोदेकराने लिहायचे नाही तर कोणी? मराठी घरात जन्मून गुजरातीचे श्रेष्ठ निबंधकार ठरलेले काका कालेलकर हे तर दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्या वाचकांचेच खास क्षेत्र आहे. दोन भाषांमध्ये उभा असलेला वाचक ज्या तुलना करू शकतो, त्या एकभाषी वाचकाला साधत नाहीत. ही आपली उणीव नसून आपले भांडवल आहे.

टिपण दहा ओळींचे असले तरी चालेल. त्यात पुस्तकातील एखादा प्रसंग वा विचार असा सांगितलेला असावा की जो दुसऱ्या कोणत्याच पुस्तकाला लागू पडणार नाही. काय खटकले तेही असावे. पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे, किंवा आपली प्रत वाचायला देण्याची तयारी आहे काय, याचाही उल्लेख असावा. शेवटची अट सर्वांत अवघड, हे मी जाणतो. कारण उसने नेलेले पुस्तक परत येत नाही हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तरीही वाचनप्रेमाची कसोटी अखेर तीच राहील. पुस्तकाची स्तुती करायला काही खर्चावे लागत नाही. कपाटातून काढून ते दुसऱ्याच्या हाती देताना मात्र जीव थोडा खालीवर होतो. पेटीच्या काळी गावकऱ्याला आपला वाटा आधी घालावा लागे. आपलाही वाटा तेवढाच आहे, आणि तो अजून घालायचा राहिला आहे.