मुक्तीनंतरची स्वच्छता: ‘रायटियस डिस्कंटेंट’ या ग्रंथाचे पुनर्वाचन

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केला. मुक्तीचा तो क्षण मराठी अभ्यासकाला त्या अर्पणपत्रिकेतून परिचित आहे. त्यानंतरचे दैनंदिन जीवन समजून घेण्यासाठी मात्र एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांच्या ‘रायटियस डिस्कंटेंट’ (१९९३) या ग्रंथाकडे वळावे लागते.

यादवी युद्धानंतर (१८६१–१८६५) मुक्त कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने गोऱ्यांच्या चर्चमधून बाहेर पडले. बाप्टिस्ट पंथात प्रत्येक मंडळी स्वायत्त असते, तिच्यावर बिशप नसतो; त्यामुळे नवी मंडळी स्थापण्यास वरिष्ठांची अनुमती लागत नसे. या मंडळ्यांतील स्त्रियांनी शाळांसाठी निधी जमवला, बायबलचा स्वतंत्र अर्थ लावला आणि पाळकांच्या पुरुषी वर्चस्वाला प्रश्न विचारले. १९०० मध्ये रिचमंड येथे त्यांचे स्वतंत्र महिला अधिवेशन स्थापन झाले. त्यातील तरुण कार्यकर्त्या नॅनी हेलन बरोज यांनी १९०९ मध्ये वॉशिंग्टन येथे काढलेल्या शाळेचा मंत्र होता: बायबल, स्नान आणि झाडू.

स्वच्छता, संयम व काटकसर यांच्या या आग्रहाला हिगिनबॉथम ‘सभ्यतेचे राजकारण’ म्हणतात. वंशद्वेषी प्रतिमांना दिलेले ते उत्तर होते, हे त्यांचे प्रतिपादन मान्य करावे लागते. त्यातील वर्गीय अहंकारही त्या लपवत नाहीत. अधिवेशनात श्रमिक स्त्रिया होत्या, हेही त्या नोंदवतात.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप साधनांविषयी आहे. ग्रंथाचा मोठा आधार अधिवेशनांची इतिवृत्ते व नियतकालिके हा आहे. ती लिहिणाऱ्या स्त्रिया शिकलेल्या होत्या. इतरांचे मळके कपडे उकळून, घासून, इस्त्री करून पोट भरणाऱ्या स्त्रीला स्वच्छतेचा उपदेश कसा ऐकू आला असेल, हे इतिवृत्त सांगत नाही. जुलै १८८१ मध्ये अटलांटातील धोबिणी कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्येच जमल्या आणि धुलाईच्या समान दरासाठी त्यांनी संप पुकारला. टेरा हंटर यांच्या १९९७ च्या ग्रंथात तो विस्ताराने येतो. स्वच्छता हा त्यांच्यासाठी सद्गुण होताच, पण त्याआधी तो मजुरीचा विषय होता. हिगिनबॉथम यांची संकल्पना या ठिकाणी अपुरी पडते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, त्याच शहरात, फ्रेंडशिप बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात अकरा विद्यार्थिनींसह स्पेलमन ही शिक्षणसंस्था सुरू झाली होती. त्या बहुतांश पूर्वीच्या गुलाम होत्या. त्यांतील एखादी दिवसा धुणे धूत असेलही.