‘मान्सून’ लिहिण्याआधी एवढं ठरवा

‘बदलत्या मान्सूनचा अमुक पिकावर होणारा परिणाम.’ अशा धर्तीची शीर्षकं संशोधन प्रस्तावांत सर्रास दिसतात. वाचायला सरळ वाटतात. पण जरा थांबा आणि विचारा, बदललं काय? वाऱ्यांची दिशा, पावसाचं प्रमाण, की पाऊस सुरू होण्याची तारीख? या तिन्हींसाठी विदा वेगळी लागते, पद्धत वेगळी लागते आणि उत्तरंही वेगळी येऊ शकतात. शीर्षकात मात्र शब्द एकच. माझी तक्रार या शब्दाबद्दल नाही, तो न ठरवता वापरण्याबद्दल आहे.

शब्द मुळात पावसाचा नाही

अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरावीक काळ, हंगाम. अरबी समुद्रातून ये-जा करणाऱ्या खलाशांना वारा कधी कुठल्या दिशेने वाहणार हे ठाऊक असणं गरजेचं होतं. पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला. आपला ‘मोसम’ही त्याच मुळाचा, म्हणजे ‘मान्सूनचा मोसम’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो!

१६८६ मध्ये एडमंड हॅली यांनी मान्सूनची कारणं मांडणारा निबंध लिहिला, तोही वाऱ्यांबद्दलच होता. पावसाचा अर्थ नंतर जोडला गेला, कारण भारतात हे वारे पाऊस घेऊन येतात. मराठीत आपल्याकडे ‘मोसमी वारे’ आणि ‘पावसाळा’ असे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून विधिमंडळाचं अधिवेशन ‘पावसाळी’ असतं, ‘मोसमी’ नसतं. इंग्रजीत लिहायला बसलो की हा फरक हातातून निसटतो.

व्याख्या बदलली की नकाशा बदलतो

१९७१ मध्ये सी. एस. रॅमेज यांनी मान्सून प्रदेश ठरवण्यासाठी वाऱ्यांचे निकष दिले. त्यातला मुख्य निकष असा: जानेवारी आणि जुलै यांमध्ये प्रचलित वाऱ्याची दिशा किमान १२० अंशांनी बदलली पाहिजे. या चौकटीत भारत बसतो, अमेरिका खंड बसत नाही. पुढे काही अभ्यासकांनी उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला पाऊस यांच्या फरकावरून व्याख्या केली, आणि अमेरिका खंडातले काही भागही मान्सून प्रदेश ठरले. निसर्गात काहीच बदललं नव्हतं.

ॲरिझोनाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथे पूर्वी दवबिंदू सलग तीन दिवस ठरावीक पातळीच्या वर राहिला की मान्सून सुरू झाला असं मानत. २००८ पासून तारखाच ठरवून टाकल्या: १५ जून ते ३० सप्टेंबर. लोकांना सावध करायला हे सोयीचं आहे. पण ‘मान्सून उशिरा येऊ लागलाय का?’ असा तुमचा प्रश्न असेल, तर ही व्याख्या तुमच्या कामाची नाही. तारीखच पक्की केली, तर उशीर मोजणार कसा?

आपल्याकडचा मे महिना

भारतीय हवामान विभाग केरळमधलं आगमन जाहीर करताना निवडक १४ केंद्रं बघतो. १० मे नंतर त्यांतल्या किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा. शिवाय वाऱ्यांची खोली आणि वेग, ढगांची स्थिती हेही जुळावं लागतं. म्हणजे आगमनाच्या व्याख्येत वारा आणि पाऊस दोन्ही आहेत. हंगामाची बेरीज मात्र १ जून ते ३० सप्टेंबर अशी कॅलेंडरवरच होते.

आता २०२५ घ्या. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं. मुंबईत मेच्या उरलेल्या दिवसांत पडलेला पाऊस एका व्याख्येने मान्सूनचा, पण हंगामी आकडेवारीत मान्सूनपूर्व! दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती एका व्याख्येची तारीख आणि दुसरीची बेरीज एकाच तक्त्यात न सांगता ठेवली की. आणि अभ्यास चेन्नईचा असेल, तर जून ते सप्टेंबरची बेरीज घेऊन भागणारच नाही. तमिळनाडूचा वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पडतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही

त्याच वर्षी मेअखेरीस मान्सूनची वाटचाल थांबली आणि जूनच्या मध्यापर्यंत थांबलेलीच राहिली. ‘मान्सून दाखल’ ही बातमी हवामानशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होती. पण शेतकऱ्याच्या कानाला ‘दाखल’ म्हणजे ‘आता पेरा’. म्हणून कृषी विभागाला दरवर्षी सांगावं लागतं, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. ओल नसताना पेरलं आणि पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणी: बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, कर्जही पुन्हा.

‘यंदा मान्सून सामान्य’ या वाक्याचंही तसंच. देशभराची सरासरी ८७ सेंटीमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘सामान्य’. त्यात तुमच्या तालुक्यात चार आठवडे कोरडे गेले का, याचं उत्तर नसतं. पिकावरचा अभ्यास करणाऱ्याने हा आकडा जसाच्या तसा उचलला, तर त्याचा निष्कर्ष शेतापर्यंत पोचतच नाही.

आज करून बघा

तुमच्या प्रस्तावाचा मसुदा उघडा आणि ‘मान्सून’ जिथे जिथे आलाय तिथे खूण करा. प्रत्येक ठिकाणी तो शब्द काढून ‘मोसमी वारे’, ‘पाऊस’, ‘आगमनाची तारीख’ किंवा ‘जून ते सप्टेंबर’ यांपैकी एक घालून बघा. एक नेमका बसला, तर तोच ठेवा किंवा व्याख्या देऊन ‘मान्सून’ ठेवा. दोन बसत असतील, तर तुमच्या प्रश्नाला कुठला लागतो ते ठरवा. एकही बसत नसेल, तर ते वाक्य मार्गदर्शकांकडे पाठवायची घाई करू नका. आधी त्यात तुम्हाला म्हणायचंय काय, ते कागदावर साध्या मराठीत लिहून काढा.