शिकारी गुडघे टेकतो तेव्हा

युरोपातील राजेरजवाड्यांना शिकारीचा हक्क वतनाइतकाच प्रिय होता. सोळाव्या शतकात त्यांचा हा षोक छापील चित्रांतही उतरला. सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक याच्या दरबारी १५०५ साली रुजू झालेल्या लुकास क्रानाखने लवकरच हरणांच्या शिकारीचे चित्र लाकडी ठशावरून छापले. पुढे मेदिची घराण्याचा चित्रकार स्त्रादानुस याच्या रेखाटनांवरून अँटवर्पच्या फिलिप्स गाले याने शिकारीच्या १०४ चित्रांची मालिका प्रसिद्ध केली. या चित्रांत कौशल्य उदंड आहे. मात्र शिकाऱ्याला थांबवणारे त्यांत कोणी नाही.

आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०१च्या सुमारास ताम्रपटावर कोरलेल्या 'संत युस्टेस' या चित्रात शिकारी थांबला आहे. आख्यायिकेनुसार हा सम्राट ट्राजानचा सेनानी प्लासिदुस. पाठलाग करीत असता काळविटासारख्या भव्य सांबराच्या शिंगांमध्ये त्याला क्रुसावरचा ख्रिस्त दिसला, आणि त्याचे जीवन पालटले.

ड्यूररच्या ताम्रचित्रांत हे आकाराने सर्वांत मोठे. सोनाराच्या या मुलाने पोलादी कोरणीने घोड्याची तुकतुकीत कांती, झाडाची साल, दूरच्या गढीभोवती घिरट्या घालणारे पक्षी असे सारे काही रेघारेघांनी साकारले आहे. समोरचे पाच शिकारी कुत्रे तर इतके सजीव की इटालियन चरित्रकार वासारीनेही त्यांची तोंड भरून स्तुती केली.

येथेच माझा आक्षेप आहे. घोडा चित्राचा मध्य व्यापतो आणि ज्याच्यासाठी हे चित्र, ते सांबर मागे लहानसे उभे राहते. कलावंताला सृष्टीचा मोह आवरला नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पुन्हा पाहताना माझे मत बदलले. दर्शन घडत आहे, आणि त्याची गंधवार्ता ना घोड्याला, ना कुत्र्यांना. ते केवळ गुडघे टेकलेल्या माणसाला दिसते. आपणही प्रथम वैभवच पाहतो व क्रूस शोधावा लागतो. आक्षेप चित्रावर होता. तो पाहणाऱ्याकडे वळला.

१५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी बारा कलमे मांडली. चौथ्या कलमात त्यांची तक्रार होती की रानातील प्राणी मारण्याचा हक्क गरिबाला नाही आणि तेच प्राणी त्याचे पीक फस्त करतात. चित्र त्याआधीचे आहे, तेव्हा हा संदर्भ त्यात शोधू नये. तरीही सत्ताधीशाने आपल्या भक्ष्यापुढे नमावे, ही कल्पना त्या काळी लहान नव्हती.

संत युस्टेसचा सण १९६९ साली सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला गेला. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. तिच्यातील प्रश्न मात्र टिकला आहे. आपण ज्याच्या पाठीस लागलो आहोत, त्याच्या डोळ्यांत आपण कधी पाहिले आहे काय?