एका मृत्यूचें मोल

आकाशयानांच्या साहसकथा म्हणजे पोरवयाचा खेळ, असें समजून आमच्या पंडितवर्गानें त्यांस आपल्या पंक्तीला क्वचितच बसूं दिलें. आम्ही स्वतः मात्र ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचे जुने भक्त आहों. १९८० च्या दशकांत दूरदर्शननें ती दाखविली, तेव्हां आम्ही शाळकरी वयाचे होतों. यंदाच्या पावसाळ्यांत सावळघाटांत धुकें दाटून पेठेहून नाशिकला जाणें नकोसें झालें असतां, तिचा एक भाग आम्हीं पुन्हा पाहिला. त्यानें मनांत जें उभें केलें, तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

हा भाग म्हणजे ६ एप्रिल १९६७ रोजीं प्रथम दाखविला गेलेला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. लेखक हार्लन एलिसन. यानाचा वैद्य मॅकॉय औषधाच्या उन्मादांत एका कालद्वारांतून १९३० च्या न्यूयॉर्क शहरीं जातो, आणि त्याच्या हातून इतिहास असा बदलतो कीं, अवकाशांतलें त्यांचें यानच नाहींसें होतें. कर्णधार कर्क व स्पॉक त्याच्या मागोमाग त्या काळांत उतरतात. गरिबांस अन्न देणारी एडिथ कीलर त्यांस आश्रय देते. कर्कचें तिच्यावर मन जडतें. मग कळतें कीं, तिला मोटारीखालीं मरण यावयाचें होतें. मॅकॉयनें तिला वाचविलें, तर तिच्या शांततावादी चळवळीमुळें अमेरिका युद्धांत उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल.

शेवटच्या प्रसंगीं कर्क मॅकॉयला केवळ धरून ठेवतो. साहसकथेचा नायक दुसऱ्याचा मदतीचा हात अडवितो, आणि हेंच येथलें साहस! एडिथ ही भुकेल्यांच्या घोळक्यापुढें उभी राहून मानव एक दिवस ताऱ्यांकडे जाईल असें सांगणारी स्त्री आहे. जें भविष्य तिनें स्वप्नांत पाहिलें, त्याच भविष्यांतून आलेला पुरुष त्या भविष्यासाठीं तिला मरूं देतो. याहून कठोर दैव शोकांतिकेंत तरी किती वेळां आढळतें?

एक दोष मात्र सांगितला पाहिजे. स्पॉकनें जोडलेलें यंत्र दोन्ही भविष्यें वर्तमानपत्रांतील बातम्यांप्रमाणें स्पष्ट दाखवितें. त्यामुळें कर्कच्या वांट्यास दुःख येतें, पण संशयाची यातना येत नाहीं. प्रत्यक्ष जीवनांत असें यंत्र कोणाच्याहि हातीं नसतें. ‘हें बलिदान अटळच होतें’ असें दुसऱ्यांच्या मरणाविषयीं सांगणाऱ्या सत्ताधीशांच्या हातीं तर मुळींच नसतें.

हा भाग पाहतांना आम्हांस सारखी आठवण होत होती ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेची. तिचे कर्ते दिवंगत जयंत नारळीकर हे नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पुण्याचे इतिहाससंशोधक गंगाधरपंत एका अपघातासरशीं अशा जगांत जातात, कीं जेथें १७६१ सालीं विश्वासरावांस गोळी लागली नाहीं आणि मराठे जिंकले. मुंबईस ते मुलाच्या कचेरींत चौकशी करतात, तों त्या नांवाचा तेथें कोणीच नाहीं! पंतांस धक्का बसतो. परंतु लगेच ते ग्रंथालयाची वाट धरतात आणि स्वतःच्याच ग्रंथाच्या पांचव्या खंडांत गढून जातात. नारळीकरांचा हेतु विज्ञानाचें कोडें मांडण्याचा होता, व तो त्यांनीं उत्तम साधला, हें आम्ही मान्य करतों. पण जिंकलेल्या पानिपताची किंमत त्या कचेरींत क्षणभर दिसली, आणि कथा तेथें थांबली नाहीं.

दोष एकट्या लेखकाचा नव्हे. ती कथा आम्ही कित्येक वेळां वर्गांत वाचून दाखविली आहे. त्यानंतर अटकेच्या पलीकडच्या स्वाऱ्यांचे तर्क तासभर चालतात. पंतांच्या मुलाचें काय झालें, हें आजवर एकाहि विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर, हा भाग पुन्हा पाहीपर्यंत, आम्हींहि विचारलें नव्हतें. अडीचशेंहून अधिक वर्षें आपण ‘विश्वासराव वांचते तर’ असें म्हणत आलों. त्या ‘तर’साठीं आपल्या घरांतलें कोणतें माणूस नाहींसें झालेलें आपणांस चालेल, हा प्रश्न एका परक्या मालिकेनें आम्हांस विचारला. पुढच्या वेळीं ती कथा वाचतांना आम्ही त्या कचेरीच्या दाराशीं थोडे थांबूं.