‘बुडबुडा’ या संज्ञेविषयी

नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्यापूर्वी २३६ वर्षे वृषभ राशीत एक तारा भरदिवसा दिसू लागला होता. चिनी ज्योतिर्विदांनी त्याची नोंद ठेवली. आपल्या प्राचीन ग्रंथांत जयंत नारळीकर व सरोजा भाटे यांनी शोध घेतला, परंतु निर्विवाद उल्लेख हाती आला नाही. जेथे नोंदच नाही तेथे संज्ञा कोठून येणार?

अशा स्फोटामागे उरणाऱ्या प्रचंड वायुराशीस ‘बुडबुडा’ म्हणणे सहज सुचते. पण मराठी कानास बुडबुडा म्हणजे क्षणभंगुरता होय, आणि हे अवशेष तर सहस्रावधी वर्षे टिकतात. त्याहून मोठा दोष असा की, या शब्दात उत्पत्तीचा भेद बुजतो. एकट्या ताऱ्याचा स्फोट होतो तेव्हा सेकंदास हजारो किलोमीटर वेगाने सुटलेले द्रव्य भोवतालचा वायू लोटीत नेते. आघाततरंगाने तो लक्षावधी अंश तापतो व कडेशी कवच बनते. चुंबकीय क्षेत्रात फिरणारे तेथील वेगवान इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. त्या टिपणारी खोडदची ३० अँटेनांची दुर्बीण, संगमनेर-पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात आहे. याउलट महाबुडबुडे ही अनेक तप्त ताऱ्यांचे वारे आणि एकामागून एक झालेले स्फोट यांची संयुक्त निर्मिती. खुद्द सूर्य आज अशाच, सुमारे १००० प्रकाशवर्षे रुंद राशीत आहे.

तेव्हा पहिल्यास ‘कवच’ व दुसऱ्यास ‘पोकळी’ म्हणणे अधिक सयुक्तिक. मात्र १०५४ च्या ताऱ्याचा अवशेष कवचात बसत नाही. त्याचे अंतरंग स्पंदकाच्या ऊर्जेने भरलेले आहे. तेथे ‘अभ्रिका’ हा रूढ शब्दच राहू द्यावा.