शारीरिक सुदृढता प्रशिक्षण आणि हॅण्डबॉल खेळाडूंची कामगिरी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्रशिक्षणाचा खेळाडूंच्या कामगिरीवर होणारा परिणाम हा शारीरिक शिक्षणातील संशोधनाचा नेहमीचा विषय आहे. अशा संशोधनात बहुधा खेळाडूंचे दोन गट केले जातात. प्रायोगिक गटास काही आठवडे सुदृढता प्रशिक्षण दिले जाते. पूर्वचाचणी व उत्तरचाचणीच्या मध्यमानांत सार्थक फरक आढळला की, खेळाडूंची कामगिरी सुधारली असा निष्कर्ष मांडला जातो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खेळाची गरज :
हॅण्डबॉलचे मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते आणि प्रौढांचा सामना ३० मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. चेंडू हातात घेऊन तीनपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत व तो तीन सेकंदांपेक्षा जास्त काळ धरून ठेवता येत नाही. गोलरक्षकाखेरीज कोणासही ६ मीटरच्या गोलक्षेत्रात पाय ठेवता येत नसल्याने आक्रमक अनेकदा उडी घेऊन, बचावपटूचा अडथळा सोसत फेक करतो. त्यामुळे वेग, चपळाई, स्फोटक शक्ती व दमदारपणा यांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र सामन्यात हे घटक कौशल्य व निर्णयक्षमता यांच्या जोडीनेच प्रकट होतात.

पद्धतीतील उणिवा :
१) शटल रन, ५० यार्ड धाव किंवा जागेवरून लांब उडी या चाचण्या सुदृढता मोजतात, हॅण्डबॉल नव्हे. धावण्याचा सराव केल्यावर धाव सुधारणे स्वाभाविक आहे. त्यावरून फेक अचूक झाली असे सिद्ध होत नाही.
२) नियंत्रित गटास कोणतेच प्रशिक्षण दिले नसेल, तर आढळलेला फरक विशिष्ट कार्यक्रमाचा की केवळ अधिक सरावाचा, हे ठरविता येत नाही.
३) केवळ गोलांची संख्या हा निकषही अपुरा आहे, ती प्रतिस्पर्धी संघाच्या दर्जावर अवलंबून असते.

एक उल्लेखनीय उदाहरण :
नॉर्वेमधील १२० क्लबांच्या १५ ते १७ वर्षे वयाच्या १८३७ हॅण्डबॉल खेळाडूंवर झालेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धावणे, तंत्र, संतुलन व शक्ती यांचा समावेश असलेला उष्मीकरण कार्यक्रम एका गटास देण्यात आला. गुडघा व घोट्याच्या तीव्र दुखापती या गटात ४८, तर नियंत्रित गटात ८१ आढळल्या. येथे कामगिरी वाढल्याचा दावा नाही. प्रश्न दुखापतींचा होता व मोजल्या गेल्या त्याही दुखापतीच. निष्कर्ष आणि मापन यांचा हा मेळ अनुकरणीय आहे.

निष्कर्ष व शिफारशी :
सुदृढता ही कामगिरीची पूर्वअट आहे, पर्याय नव्हे. हा भेद पुसला गेल्यास आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपूर्वी हाती असलेले मोजके आठवडे मैदानाभोवती फेऱ्या मारण्यात खर्ची पडतात आणि त्याची किंमत खेळाडूस मोजावी लागते. म्हणून संशोधकांनी थकलेल्या अवस्थेतील फेकीचा वेग व अचूकता, आक्रमणानंतर बचावात परतण्यास लागणारा वेळ आणि दुसऱ्या सत्रातील तांत्रिक चुका यांची नोंद घ्यावी. नियंत्रित गटासही तितक्याच कालावधीचा नेहमीचा सराव द्यावा. जेथे हे शक्य नसेल, तेथे शीर्षकातच 'कामगिरी'ऐवजी 'सुदृढता' हा शब्द वापरणे अधिक प्रामाणिक ठरेल.